खंडेनवमीचा विसावा

“आधी पेशींना खाऊ घाल, मग तुझ्या चहाचं बघ,” असं कुसुमताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आणि तो आवाज विजयश्रीच्या कानात असा बसला की पुढच्या अकरा वर्षांत तिनं गरम चहा क्वचितच प्यायला. कुसुमताई पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठ. काचेच्या कपाटात वाढणाऱ्या पेशींखालचं जुनं द्रव काढायचं, नवं घालायचं. एक दिवसाआड, रविवार असो की सुतक असो, त्यात खाडा नाही. पुढे तिथला प्रकल्प संपला. प्रकल्प संपतात, शास्त्र संपत नाही, असं निरोपाच्या कार्यक्रमात कुणीसं म्हणालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि समोसे खाऊन शास्त्राला वाऱ्यावर सोडलं. कुसुमताई निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. विजयश्री चाकणला आली.

चाकणची प्रयोगशाळा अर्जुनरावांच्या प्रेस शॉपच्या माडीवर होती. खाली प्रेस दिवसभर धप्प धप्प करत दुचाकीचे ब्रॅकेट ठोकायचा, आणि वर सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी दर ठोक्याला दचकायच्या. दोन ठोक्यांच्या मध्ये चार सेकंद मिळतात, हे विजयश्रीनं पहिल्या आठवड्यातच मोजलं होतं. त्या चार सेकंदांत जेवढ्या पेशी मोजून होतील तेवढ्या मोजायच्या, ठोका बसू द्यायचा, पुन्हा मोजायच्या. जगातल्या कुठल्याही शोधनिबंधात ही पद्धत दिलेली नाही.

अर्जुनराव कुरुळीच्या जुन्या घरातले. त्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या असं गावात म्हणत: शेड बांधणं आणि धाकट्या बहिणीवर माया करणं. प्रयोगशाळेत या दोन्ही एकत्र आल्या होत्या. बहीण इंदुताई आळंदीत दिलेली. नवऱ्याचं टाळ-मृदंगांचं दुकान. मृदंगाच्या वाद्या ताणून तो सुरात आणायचं काम मात्र इंदुताईंचं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायात मुंग्या आल्या, मग एक डोळा अंधारला, मग चालताना भिंत लागायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी अर्जुनरावांना समोर बसवून सांगितलं की मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण असतं आणि यांचं शरीरच ते सोलून काढतंय. आठवड्याच्या इंजेक्शननं ते सोलणं बरंचसं आवरतं. सोललेल्या जागी नवं वेष्टण चढवू शकतील अशा कोवळ्या पेशी मेंदूत असतात, पण त्या जखमेपाशी नुसत्या बसून राहतात, मोठ्या होऊन कामाला लागत नाहीत.

एवढ्या सगळ्यातलं शेवटचं वाक्य अर्जुनरावांनी नेमकं धरलं. “म्हंजे मानसं हायेत, फकस्त कामाला लागत न्हाईत,” ते म्हणाले. तीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला हा आजार एकदम घरचा वाटला. सहा महिन्यांत प्रेसच्या शेडवर माडी चढली, यंत्रं आली, पाटी लागली, आणि मुलगा समर्थ बायोटेक विभागाचा डायरेक्टर झाला. समर्थनं त्याआधी एक जिम, एक ढाबा आणि एक ड्रोनची कंपनी, अशा तीन ठिकाणी डायरेक्टरकी केली होती. अनुभव कमी होता असं म्हणता येत नाही.

विजयश्रीनं पहिल्या बैठकीत दोघांना सगळं समजावून सांगितलं. तिचा आवाज मुळात हळू, त्यात खाली प्रेस. अर्जुनराव कानामागे हात धरून ऐकत होते. ती म्हणाली, पेशीला आपसूक काही कळत नाही, सगळं निरोपांवर चालतं. शेजारणी एक प्रथिन सोडतात, त्याचा निरोप एवढाच की वाढा, एकीच्या दोन व्हा. तो निरोप येत राहील तोवर या कोवळ्या पेशी दोनाच्या चार आणि चाराच्या आठ होत राहतात, पण मोठी एकही होत नाही. तो निरोप आटला, थायरॉईडच्या संप्रेरकाचा दुसरा निरोप पोचला, की वाढ थांबते, पेशीला फांद्या फुटतात आणि ती तंतूला वेढे घालायला लागते. तंतूही गप्प नसतो. कधी तोच सांगतो, अजून थांब, इतक्यात नको. दुखण्यात हा ‘नको’चा निरोप फार वाढतो.

“म्हंजे खुराक आटल्याबिगर पोर मोठं हुत न्हाई,” अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी समर्थकडे पाहिलं. समर्थ इन्क्युबेटरबरोबर सेल्फी काढत होता. त्याच दिवाळीत अर्जुनरावांनी त्याला नवी गाडी घेऊन दिली, कारण शास्त्र वेगळं आणि घर वेगळं.

औषध शोधायची जबाबदारी समर्थनं स्वतःकडे घेतली. त्याच्या ओळखीच्या एका वैद्यानं पावडरींच्या पुड्या दिल्या. पहिल्या चारांनी काहीच केलं नाही, पुढच्या दोनांनी पेशी मारल्या. सातवीवर समर्थचा जीव बसला, इतका की तिची चाचणी व्हायच्या आधीच ‘नर्व्हसंजीवन’ नावाचे हिरवे-सोनेरी डबे छापून आले. विजयश्रीनं चाचणी साधी ठेवली होती. चोवीस खळग्यांची प्लेट. सगळ्या खळग्यांत ‘वाढा’ म्हणणारं प्रथिन घालायचं. बारा खळग्यांत क्रमांक सातची पावडर विरघळवून, उरलेल्या बारांत ती ज्यात विरघळवली ते नुसतं द्रव. ‘वाढा’चा निरोप चालू असूनही पावडरीच्या खळग्यांतल्या पेशी मोठ्या झाल्या आणि नुसत्या द्रवातल्या कोवळ्याच राहिल्या, तर पावडरीत काही आहे. दोन्हीकडे सारखंच घडलं, तर पावडरीत पावडर आहे.

प्लेट लावल्यावर चौथ्या दिवशी खंडेनवमी आली, बुधवारी. दुसऱ्या दिवशी दसरा गुरुवारी, म्हणजे नेमका एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीवर पडला होता, आणि देवानं सुद्धा मॅनेजमेंटची बाजू घ्यावी याचं कामगारांना वाईट वाटत होतं. पूजेची सगळी व्यवस्था मालोजींकडे असे. मालोजी म्हणजे प्रेस शॉपचे जुने मेंटेनन्सवाले. अर्जुनरावांनी पहिला प्रेस आणला तेव्हापासूनचे. त्यांच्या राज्यात खंडेनवमीला दुपारनंतर एकही यंत्र चालत नसे. यंत्र पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, स्विच बंद करायचा, आणि दसऱ्याला नारळ फोडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा.

विजयश्रीला या रीतीत वावगं काही दिसत नव्हतं. तिच्या घरीही त्या दिवशी विळी, खलबत्ता आणि शिलाई मशीन पाटावर मांडून पुजत. तिनं सकाळी येऊन पेशींचं द्रव बदललं आणि मालोजींना बाजूला बोलावून सांगितलं, की काका, या कपाटात जीव आहेत, सदतीस अंश ऊब लागते, याला हार घाला, कुंकू लावा, पण हे बंद करू नका. मालोजींनी मान हलवली. खाली तेव्हा शेवटची शिफ्ट ठोकत होती.

शुक्रवारी ती आली तेव्हा इन्क्युबेटरच्या दारावर हार होता, हळदीची बोटं होती, आणि आकडा सदतीसवर होता. तिनं हार काढून प्रवेशदारावर लावला, दार स्पिरिटनं पुसलं आणि द्रव बदललं.

आठ दिवसांनी तिनं पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि दोन ठोके मोजायचे राहून गेले. पेशी मोठ्या झाल्या होत्या. कोवळ्या असताना दोन टोकांची काडी दिसते, तिथं आता जाळी होती, पसरट, हिरवी चकाकणारी, एखाद्या मन लावून काढलेल्या रांगोळीसारखी. एवढी वर्षं पेशी पाहूनही तिचे डोळे भरून आले. मग तिनं प्लेट सरकवली आणि नुसत्या द्रवाचे बारा खळगे पाहिले. तिथंही तीच रांगोळी होती.

समर्थ तेवढ्यात आत आला. त्यानं पहिले बारा खळगे पाहिले, मोबाईल भिंगाला लावून फोटो काढले, आणि विजयश्री काही बोलायच्या आत ते फोटो कुरुळीपासून देहूरोडपर्यंत त्याच्या सगळ्या ग्रुपवर पोचले. अर्ध्या तासात अर्जुनराव पेढे घेऊन हजर. विजयश्रीनं दोघांना सांगितलं की पावडर नसलेल्या खळग्यांतही हेच झालंय, म्हणजे हे पावडरीनं झालेलं नाही.

समर्थनं क्षणभर विचार केला. तो क्वचित करत असल्यामुळे सगळे थांबले.

“मॅडम, प्रॉडक्ट पॉवरफुल आहे,” तो म्हणाला. “शेजारच्यांवर पण असर पडला.”

अर्जुनरावांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

संध्याकाळी ती कुरुळीच्या खोलीवर पोचते न पोचते तोच इंदुताईंचा फोन आला. भावानं दुपारीच हिरवा-सोनेरी डबा आळंदीला पाठवला होता. त्या आधी पेशींबद्दल बरंच बोलल्या. दिसतात कशा, रंग कसला, खरंच वेढे घालतात का. मृदंगाची वादी गाठीतून ओढावी तसं का गं, असंही विचारून झालं. मग म्हणाल्या की दर शनिवारी अकराला नर्स येते, इंजेक्शन देते, आणि शनिवार-रविवार तापात जातात. भाऊ म्हणतोय आता त्याची गरज नाही. उद्या नर्स आली की त्या तिला कायमचं नको म्हणून सांगणार आहेत. विजयश्रीला ठाऊक होतं की मागच्या वर्षीही त्यांनी असंच एका काढ्याच्या भरवशावर इंजेक्शन सोडलं होतं. दोन महिन्यांत डावा हात गेला, तो अजून पुरता परत आला नव्हता. मृदंग आता शेजारचा माणूस ताणतो.

“ताई, खरं सांगायचं तर…” विजयश्रीनं सुरुवात केली. इंदुताईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही.

“पोरी, दादाचं काय धरून बसू नगंस,” इंदुताई म्हणाल्या. “त्यो मला बरी करायला निघालाय, त्याला कुटं दिसतंय. तू पेशी बघितल्यास. तुला जे खरं वाटतंय ते उद्या नर्स यायच्या आदी हितं येऊन सांग. फोनवर न्हाई. फोनवर समदेच गोड बोलत्यात.”

“येते,” विजयश्री म्हणाली. “अकराच्या आत येते.”

हो म्हणून झालं, पण काय सांगणार हे अजून तिलाच ठाऊक नव्हतं. पावडरीनं नाही, एवढं कळलं होतं. मग कशानं, हे कळल्याशिवाय कुणी तिच्यावर का विश्वास ठेवावा? समर्थच्या शेजारधर्माच्या सिद्धांताला निदान एक कारण तरी होतं.

शनिवारी ती आठलाच कारखान्यात पोचली. मालोजी प्रेसला ऑइल घालत होते. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, की काका, खंडेनवमीला वरच्या कपाटाची पूजा तुम्हीच केली ना. मालोजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपणच केली, ते म्हणाले, आणि इतरांपेक्षा मनापासून केली. पुढचं त्यांनी स्वतःहून सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं.

“तुमी नगं म्हनला हुता, ध्यानात हुतं,” ते म्हणाले. “पर ताई, समदी यंत्रं निवांत बसली आन् ते एकटंच घुरघुर करत बसलंय. बारा म्हैने, रातंदिस. माजं काळीज काय ऱ्हाईना. बटन बंद केलं. लगेच कुँई कुँई करायला लागलं, तवा मागची वायरच काडली. दसऱ्याला नारळ फोडला आन् पुन्यांदा चालू केलं, तुमाला उगं घोर नगं म्हनून.”

“किती वाजता बंद केलंत?”

“दोनाला. आन् दुसऱ्या दिशी अकराला चालू. येकवीस तास झोपलं बगा, लेकरावानी.”

  ज्या माणसानं यंत्राची दया केली त्याला कुठल्या शब्दांत रागवायचं, हे विजयश्रीला कुणी शिकवलं नव्हतं. ती वर गेली. इन्क्युबेटर स्वतःच्या बॅटरीवर तापमानाची नोंद ठेवतो, पण ती आजवर कुणी उघडून पाहिली नव्हती, तिनंही नाही, कारण समोरचा आकडा नेहमी सदतीस असे. तिनं नोंदीचा आलेख छापला. बुधवारी दोननंतर रेघ घसरत सव्वीसवर गेली होती, रात्रभर तिथं पडून होती, आणि गुरुवारी अकराला पुन्हा उठून सरळ चालू लागली होती.

आता सगळं जागेवर बसत होतं. गारव्यात या पेशी कमी वेळा दुभंगतात आणि वेळेआधीच वाढ थांबवून मोठ्या होतात, असं जुन्या प्रयोगांत दिसलेलं तिनं वाचलं होतं. वीज गेल्यावर कपाटात पेशींसाठी सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड वायूही गेला असणार. गारव्यानं किती आणि वायूनं किती, ते पुन्हा प्रयोग लावून बघावं लागलं असतं. पण चोवीसच्या चोवीस खळगे एकाच कपाटात गारठले होते, आणि पावडर त्यातल्या फक्त बारांत होती. ‘वाढा, वाढा’ म्हणणाऱ्या प्रथिनाला गप्प बसवायचं काम नर्व्हसंजीवननं केलं नव्हतं. ते मालोजींच्या काळजानं केलं होतं, आणि त्याचे डबे छापता आले नसते.

साडेनऊला अर्जुनराव आले. तिनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. आयुष्यभर मशीनचे चार्ट वाचलेल्या माणसाला ती रेघ समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी बोटानं खड्डा दाखवला, वार वाचला, आणि खाली मालोजींच्या दिशेनं एकदा पाहिलं. ती थोडक्यात बोलली, अकराच्या आत आळंदीला जायचं कबूल केलंय हेही सांगितलं. 

“काल तिनं मला फोन केला,” ते म्हणाले. “हसत हुती. चार वर्सांत पैल्यांदा हसली. म्हनली, दादा, हात आला की पैला मृदंग तुज्या कारखान्यात वाजिवती.” त्यांनी कागदाची घडी घातली. “नवी प्लेट लावा सोमवारी. तवर ह्ये ड्रॉवरात ऱ्हाऊ द्या. पावडरीनं काय वाईट हुतंय का तिचं?”

“पावडरीनं नाही, साहेब. आज अकराला इंजेक्शन आहे. त्या बंद करणार आहेत.”

“येका इंजेक्शननं काय हुतंय.”

“मागच्या खेपेलाही एकापासूनच सुरुवात झाली होती.”

खालच्या प्रेसनं दोनदा ठोका दिला. अर्जुनरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. डावा हात गेला त्या आठवड्यात तेच बहिणीला उचलून गाडीत घालत होते. त्यांनी कागद ड्रॉवरात ठेवला, ड्रॉवर लावला, आणि आळंदीला जायचं नाही असं तिला सांगितलं. आवाज चढवला नाही. हे माझ्या घरचं आहे, म्हणाले, आणि घरचं मी बघतो. मग समर्थला फोन लावून डब्यांच्या पुढच्या खेपेबद्दल बोलू लागले, अगदी हळू, कुणी आजारी माणूस शेजारच्या खोलीत झोपला असावा तसे.

विजयश्री जागेवर येऊन बसली. नोकरी जाईल हे तिला दिसत होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती. भीती वाटत नाही असं खोटं ती स्वतःशी बोलली नाही. अर्जुनराव वाईट माणूस असते तर सोपं होतं. बहिणीचं हसू चार दिवस टिकावं एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मागणी नेमकी इंदुताईंच्या उरलेल्या उजव्या हातावर येऊन पडणार होती. घड्याळात दहाला पाच कमी होते. तिनं यंत्रातून आलेख पुन्हा एकदा छापला. त्याखाली दोन्हीकडच्या खळग्यांतल्या पेशींचे दोन फोटो, पावडरीचा आणि बिनपावडरीचा, शेजारी शेजारी चिकटवले, म्हणजे इंदुताईंना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. मग तिनं पांढरा कोट काढून खुंटीला लावला, केसांवरची टोपी काढली आणि पर्स खांद्याला अडकवली.

जिन्यात समर्थ भेटला. कामाच्या वेळी कुठे म्हणून त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डब्यावर ‘वैज्ञानिकांनी सिद्ध केलेले’ असं लिहायचं की ‘वैज्ञानिकांनी प्रमाणित केलेले’ ते तिचं मत घ्यायला लागला. ती म्हणाली, दोन दिवस काहीच लिहू नका. त्याला वाटलं ती मार्केटिंगबद्दल बोलतेय, आणि त्यानं कौतुकानं मान हलवली.

फाटकातून बाहेर पडताना तिनं एकदाच मागं पाहिलं. माडीच्या खिडकीत अर्जुनराव उभे होते, फोन कानाला. त्यांना ती दिसली होती. त्यांनी हाक मारली नाही, वॉचमनला फाटक लावायलाही सांगितलं नाही. नुसते बघत राहिले, आणि मग खिडकीतून बाजूला झाले.

हायवेला कंटेनरांची रांग लागलेली. ती कडेकडेनं आळंदी फाट्यापर्यंत आली. तिथं एक रिक्षा भरत होती. दोन बायका, एक पखवाज शिकणारा विद्यार्थी, मांडीवर भाजीची पाटी घेतलेला म्हातारा. किती वेळ लागेल, तिनं रिक्षावाल्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, एक शीट भरलं की निघतो. ती पर्स पोटाशी धरून रिक्षात कडेला बसली, आणि रिक्षा निघाली.